आधी आलेलं सोळावं पान

१. ताव

"तिता, माझा शेवट चोरला! माझा शेवट चोरीला गेला!"

गुरुवारी सकाळी नऊ वाजता वेंग असं बोंबलत दुकानात शिरली, तेव्हा माझ्या एका हातात कॉफी होती आणि दुसऱ्या हातात गरम पानदेसाल. दोन्ही खाली ठेवावी लागली. कॉफी गार झाली ती झालीच, वर पाव लोलो आंबोंनी खाल्ला.

आधी ओळख करून देते, नाहीतर म्हणाल बाई नुसतीच बडबडतेय. मी दोराय. मारिकिनातल्या आमच्या या गाळ्यात नवरा होता तोवर बूट शिवले जायचे. तो गेला, मागोमाग बुटांचा धंदाही बसला, तेव्हा मी मोडीत निघालेलं एक रिसो यंत्र आणलं आणि छपाई सुरू केली. आता स्वतःचं कॉमिक स्वतःच काढणारी गावातली पोरंपोरी माझ्याकडेच छापायला येतात. मला तिता म्हणतात, म्हणजे मावशी. आणि मावशीचं जेवढं ऐकायची पद्धत आहे तेवढंच ऐकतात.

लोलो आंबो एक्क्याऐंशी वर्षांचे. सख्खे आजोबा कोणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचेच लोलो. पूर्वी दुकानांपुढे दोरीला चिमट्यांनी कॉमिक टांगलेली असायची, बाकावर बसून भाड्यानं वाचायची. त्या काळात या माणसानं तीस वर्षं कॉमिकमधल्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं हातानं लिहिली. आता रोज सकाळी येऊन माझ्या रद्दीतले ताव वाचतात आणि माझी न्याहारी संपवतात.

आणि वेंग. सव्वीस वर्षांची. रात्रपाळीला फोनवर परदेशी गिऱ्हाइकांच्या शिव्या खायच्या आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची, असं तिचं तीन वर्षं चाललंय. दर गुरुवारी तिच्या वेबसाइटवर 'टिकबालांगचे बूट'चं एक पान यायचं. टिकबालांग म्हणजे घोड्याच्या तोंडाचा, ताडमाड उंच, रानातला. आमच्याकडे पोरांना त्याची भीती घालतात. वेंगचा टिकबालांग मात्र मारिकिनातल्या एका बूट शिवणाऱ्या म्हाताऱ्याच्या दारात येतो आणि म्हणतो, "खूर फार दुखतात हो, काहीतरी शिवून द्या." त्या म्हाताऱ्याच्या हातातली हातोडी माझ्या नवऱ्याची आहे, बघून बघून काढलेली. म्हणून मी ते वाचते. नाहीतर मला कॉमिकबिमिकातलं काही कळत नाही.

आता गोष्ट संपत आली होती. शेवटच्या सोळा पानांची पुस्तिका रविवारी कॉमिकवाल्यांच्या जत्रेत विकायची होती, तिचे ताव माझ्या दोरीवर वाळत होते. आणि दालोय नावाच्या एका मोठ्या अॅपनं वेंगला बोलावणं धाडलं होतं. दरमहा पगार, नोकरी सोड, नुसती चित्रं काढ. कागदावरच्या पुस्तिकेचं त्यांना काही वाटत नव्हतं, पण ऑनलाइनच्या अटी खमक्या होत्या. बाकी सगळीकडून गोष्ट उतरवायची, आणि तिचा शेवट त्यांच्याआधी दुसरीकडे कुठेही दिसता कामा नये. शनिवारी दुपारी बाराच्या आत होकार द्यायचा होता. वेंगनं रविवारीच आपली वेबसाइट रिकामी करून टाकली होती.

"हे बघ!" तिनं फोन माझ्या नाकाला लावला.

लाकबाय नावाची कुठलीशी साइट होती. मी नाव ऐकलेलं नव्हतं, वेंगनंही नाही; गोष्ट सगळीकडून उतरली ना हे बघायला तिनं सकाळी तिचं नाव शोधलं, तेव्हा ही समोर आली. टाकणारा कोण, तर 'लेखक क्रमांक २२१७'. वेळ, आज सकाळी सहा. आणि खाली आठ चित्रं. पहिल्याच चित्रात डावीकडे गोष्टीचं अगदी शेवटचं, सोळावं पान, आणि उजवीकडे पहिलं!

"चोरायचं तर चोरायचं, वर उलटंपालटं करून ठेवलंय मेल्यानं!" वेंगनं फोन टेबलावर आपटला. "दालोयच्या वाल्देरामाबाईंना फोन केला मी. त्या म्हणाल्या, कोणी टाकलं ते शोधा आणि शनिवारी बाराच्या आत उतरवा, म्हणजे आम्ही काही पाहिलंच नाही. नाहीतर विषय संपला. तिता, त्या लाकबायवाल्यांना मी चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. मला पुन्हा त्या फोनवर बसायचं नाहीये गं!"

लोलोंनी बोटांवरचे पावाचे कण झटकले, भिंग काढलं आणि फोन हातात घेतला. शेवटच्या पानावर मात्र त्यांनी मुद्दाम अंगठा ठेवला.

"मी अजून इथवर आलेलो नाही. आधी शेवट वाचायची मला सवय नाही." मग भिंग सरकवत म्हणाले, "पोरी, ही पानं नाहीत. हे ताव आहेत."

मी फोन जवळ ओढून पाहिला. मलाही ते आत्ता दिसलं. पुस्तिकेचे ताव मधोमध दुमडतात. त्यामुळे छापताना सोळावं पान पहिल्याच्या शेजारी येतं, दुसरं पंधराव्याच्या. दुमडून टाके मारले की क्रम आपोआप लागतो.

"हे वाचायला केलेलंच नाही," लोलो म्हणाले. "छापायला केलेलं आहे. असे ताव कोणाकडे असतात, दोराय?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. वेंग माझ्याकडे बघायला लागली.

२. बुधवारी कोण आलं होतं

हाय नाकू! अट्ठावन्न वर्षांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. मी ठरवलं, चोर मीच शोधणार. गल्लीतल्या कोणाच्या घरात काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, एक चोर कळणार नाही?

तावांची चित्रं दोनच ठिकाणी होती. एक वेंगच्या लॅपटॉपवर, कारण ती जुळणी या वेळी तिनं स्वतः केली होती. (मागच्या पुस्तिकेत माझ्याकडून दोन पानं उलटी लागली होती. एकदाच! पण पोरं विसरतात का?) आणि दुसरं ठिकाण माझ्या दुकानातला कॉम्प्युटर, कारण माझ्या यंत्राला तावाच्या एकेका बाजूचं वेगळं चित्र लागतं. त्या कॉम्प्युटरला पासवर्ड नाही. मला माझं जुनं कपाट उघडताना किल्ली सापडत नाही, तिथं पासवर्ड कुठून लक्षात राहणार!

ती चित्रं माझ्याकडे बुधवारी सकाळीच आली होती, आणि त्यानंतर लोलो सोडले तर दुकानात दोघंच येऊन गेले होते. दुपारी खाऊच्या वेळेला मी दोघांना बोलावून घेतलं. समोर केळ्याचे तळलेले तुरोन ठेवले आणि स्वतः बँकेतल्या बाईसारखी टेबलामागे बसले.

पहिला पाएंग. नगरसेवक झालेल्या झुरळाचं कॉमिक काढतो, आणि दिसेल त्या साइटवर टाकतो.

"बुधवारी काय करत होतास इथं?"

"स्टिकर छापत होतो. तूच तर शाई सांडलीस माझ्या पँटवर."

"ते जाऊ दे. मागच्या आठवड्यात वेंगशी कोण भांडलं? कॉमिक कुलपात घालू नकोस, सगळीकडे फुकट टाक, असं कोण म्हणालं?"

"मीच म्हणालो! आजही म्हणेन!" पाएंगनं दुसरा तुरोन उचलला. "दालोय उद्या बंद पडलं तर? तिता, नवीन साइट निघाली की आम्ही सगळे धावत जाऊन आपलं नाव अडवून ठेवतो, खुर्चीवर रुमाल टाकतात तसं. माझे असे एकोणीस रुमाल आहेत. त्यातले निम्मे आता कुठे आहेत तेही मला ठाऊक नाही. सिबोल आठवतं? केवढा गाजावाजा करून निघालं होतं, वेंगनंही तेव्हा तिथं उडी मारली होती. वर्षभरात मालकानं विकून टाकलं. म्हणून म्हणतो, एकाच्या भरवशावर राहू नये. पण म्हणून मी तिचं चोरेन? मी?"

"सकाळी सहा वाजता कुठे होतास?"

"झोपलो होतो! सहा वाजता कुठला चित्रकार जागा असतो? सहाला फक्त कोंबडे उठतात आणि तू उठतेस."

हे तो नको ते बोलला. वेंग पुन्हा माझ्याकडे बघायला लागली.

दुसरी चिंगाय. भाजीबाजारातल्या भांडणांचं कॉमिक काढते, आणि ते फक्त तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर. वाचकांना दर पौर्णिमेला पत्र पाठवते. दालोयनं मागच्या वर्षी तिला नकार दिला होता, हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्यासमोर कोणी बोलत नसे. मी बोलले.

"हो, नाही म्हणाले मला," चिंगायनं चष्मा पुसला. "म्हणाले, तुमच्या कोबीला चेहरा नाही. मला राग आला, दोन दिवस कोबी खाल्ला नाही, संपलं. मला भाड्याच्या घरात राहायचंच नाही मुळी. पण तिता, एक सांग, मी चोरलं असतं तर पानं नीट लावून टाकली नसती? असा गचाळपणा मी करेन?"

हे मात्र खरं होतं. चिंगाय टेबलावरचे तुरोनसुद्धा एका ओळीत लावून मग खाते.

"म्हणजे गचाळपणा मी करेन, असं का?" पाएंग उसळला.

"तुझी पँट बघ," चिंगाय म्हणाली.

मग जे भांडण लागलं ते लागलं. लोलोंना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी चिंगायची पाटी मागून घेतली, म्हणजे तो मोठा फोन असतो ना, तो. "लाकबाय काढून दे गं. पहिल्या पानापासून वाचतो."

"लोलो, तिथं शेवटच तेवढा आहे ना?"

"कोणी खाली सरकवून पाहिलंय?" त्यांनी विचारलं.

कोणीच पाहिलं नव्हतं. चिंगायनं बोटानं सरकवलं, सरकवत राहिली. वेंगची गोष्ट तिथं आख्खी होती, तीन वर्षांची, पहिल्या पानापासून.

"बापरे," पाएंग म्हणाला. "हा तर सराईत चोर निघाला."

३. टेबलावरून हकालपट्टी

शुक्रवार वाईट गेला. लोलो खिडकीपाशी बसून एकेक पान वाचत होते आणि मधूनच हसत होते. मी म्हणाले, "लोलो, इथं पोरीच्या पोटावर पाय आलाय आणि तुम्हाला हसू सुचतंय?" ते म्हणाले, "टिकबालांग पहिल्यांदा मोजे घालतोय. थांब जरा."

दुपारी वेंग आली ती डोळे सुजवून. न झोपता तिनं हिशोब मांडला होता. आपलं सगळं फुकट सगळीकडे टाकावं असं कोणाला वाटतं? बुधवारी माझ्या कॉम्प्युटरपाशी कोण एकटं बसलं होतं? पानांच्या क्रमाची फिकीर कोणाला नसते? तिन्हींचं उत्तर एकच येत होतं.

"पाएंग, तू मला नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. रविवारी जत्रेत माझ्या टेबलावर येऊ नकोस."

पाएंग पहिल्यांदा हसला. त्याला वाटलं मस्करी आहे. मग त्याचा चेहरा पडला.

"वेंग, दोन वर्षं आपण एकाच टेबलावर बसतोय."

"म्हणूनच जास्त लागलंय."

त्यानं आपली स्टिकरं गोळा केली, एक खाली पडलं ते वाकून उचललं, आणि गेला. पाएंग गप्प गेलेला मी आजवर पाहिला नव्हता. मला त्याच्यामागे धावावंसं वाटलं, पण खरं सांगते, मलाही तोच चोर वाटत होता. आणि माझ्यावरचा संशय गेला म्हणून मनात कुठेतरी बरंही वाटलं होतं. त्याची मला आता लाज वाटते.

"लोलो, तुम्ही तरी काही बोला!" मी ओरडले.

लोलोंनी पाटीवरून मान वर केली. "मी नव्वदाव्या पानावर आहे. उद्या दहा वाजता सगळ्यांना बोलाव. पाएंगलाही. आणि दोराय, पाव जरा जास्त आण."

४. पाच बोटं

शनिवारी दहाला बोलावलेले सगळे जमले. पाएंग दारातच उभा राहिला, वेंगनं त्याच्याकडे पाठ केली. भिंतीवरच्या घड्याळाकडे सगळ्यांचं लक्ष. बाराला दोन तासही उरले नव्हते.

लोलोंनी सावकाश कॉफी संपवली. माझीच.

"मी सगळं वाचलं," ते म्हणाले. "शेवटची आठ चित्रं सोडून. ती उलटीपालटी आहेत, नीट लागतील तेव्हा वाचेन. आता मला सांगा, हे सहा वाजता टाकलं गेलं. सहा वाजून दोन मिनिटांनी नाही, सातनी नाही, बरोब्बर सहा. आणि याच गुरुवारी नाही, तीन वर्षं दर गुरुवारी, बरोब्बर सहा. पाएंग, तुला एकदा तरी वेळेवर आलेला कोणी पाहिलाय?"

"आज आलो की," पाएंग पुटपुटला.

"वीस मिनिटं उशिरा," चिंगायनं सांगितलं.

"म्हणजे माणूस नाही, घड्याळ आहे," लोलो म्हणाले. "दुसरं. इथं बसलेल्या प्रत्येकाला गोष्टीचा क्रम माहीत आहे. कितीही गचाळ चोर असला तरी शेवटचं पान पहिलं कशाला टाकेल? हातात पडेल ते तसंच पुढे सरकवतो तो माणूस नसतो. पुन्हा घड्याळच. पण हे घड्याळ लावलं कोणी?"

त्यांनी पाटी वेंगसमोर धरली. "हे त्या साइटवरचं अगदी पहिलं पान. टिकबालांगचे पाय बघ."

आम्ही तिघी वाकलो. टिकबालांगच्या पायांना पाच-पाच बोटं होती! मी ते पान हजारदा पाहिलंय. तिथं खूर आहेत. खूर नसतील तर बूट कशाला मागेल?

वेंगचा हात तोंडावर गेला. "हे... हे मी दुसऱ्या दिवशी बदललं होतं. रात्री अंथरुणात आठवलं, अरे, घोड्याला बोटं नसतात! सकाळी लगेच खूर काढले. हे पान एकच दिवस होतं. हे कोणाकडेच नाही."

"पाएंग तुला कधी भेटला?"

"त्याच्यानंतर वर्षानं."

"चिंगाय?"

"ती त्याच्याही नंतर."

"आणि त्या पहिल्या गुरुवारी तुला वाचत कोण होतं?"

"कोणीच नाही," वेंग हळूच म्हणाली. "आईनंसुद्धा नंतर बघते म्हणून सांगितलं."

"मग मला सांग पोरी, ज्या दिवशी तुला काळं कुत्रंही वाचत नव्हतं, त्याच दिवशी हा चोर तुझं चोरायला कसा काय हजर झाला?"

पाएंगनं दारातून मान आत घातली.

"आता ही पाटी बघा. दुकानावर असते तशी, नावाची पाटी म्हणतो मी, ही हातातली नाही." लोलोंनी साइटच्या डोक्यावरच्या 'लाकबाय' या नावावर भिंग ठेवलं. "तीस वर्षं अक्षरं लिहिलीत मी. जुन्या पाटीवर नवा रंग मारला की कोपरा हमखास राहतो. हे कोपऱ्यातलं हिरवं पान कसलं?"

पाएंग दारातून दोन ढांगांत टेबलापाशी आला. "सिबोल! ही सिबोलची खूण आहे! म्हणजे ते मेलं नाही, विकलं, आणि घेणाऱ्यानं नाव बदललं. जुन्या सगळ्यांना नुसते नंबर दिले असणार!"

"वेंग," लोलो म्हणाले, "इथं 'पासवर्ड विसरलात का' असं लिहिलंय. चिंगाय, ते दाब. ज्यानं अकाउंट उघडलं त्याला पत्र जाईल."

चिंगायनं दाबलं. आम्ही श्वास धरून बसलो.

टिंग!

आवाज वेंगच्या पिशवीतून आला.

५. वाटेवर

पुढचं वेंगनंच सांगितलं, डोकं धरून, हसत आणि रडत. सुरुवातीला कुठे टाकावं कळेना म्हणून तिनं एक सोय केली होती. लॅपटॉपवर 'वाटेवर' नावाचं फोल्डर. त्यात जे चित्र पडेल ते गुरुवारी सहाला आपोआप दोन ठिकाणी जायचं, तिच्या वेबसाइटवर आणि सिबोलवर. लोक कामाला निघताना वाचतील म्हणून सहा. सिबोल बुडालं असं ऐकलं आणि ती ते विसरून गेली. रविवारी वेबसाइटचं दार लावलं, हे दुसरं उघडंच राहिलं. आणि सोमवारी माझ्यासाठी तावांची जुळणी केली, तेव्हा कुठे ठेवू म्हणून लॅपटॉपनं विचारलं. तिनं न बघता 'नेहमीच्या जागी' दाबलं. तीन वर्षांची नेहमीची जागा कुठली? 'वाटेवर'.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. मग उठून पाएंगसमोर उभी राहिली. "पाएंग, मी गाढव आहे."

"घोडा," पाएंग म्हणाला. "बोटांचा." आणि तिला टपली मारली. "उद्या टेबलाची चांगली बाजू माझी. पंख्याकडची. आणि आठवडाभर तुरोन."

"दिलं."

मी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. "अगं, मग आता रडतेस काय? अकाउंट तुझंच आहे! उतरव सगळं, बाईंना फोन कर, सुटलीस! नोकरी सोड!"

वेंगनं पासवर्ड बदलला आणि आत शिरली. 'सगळे काढून टाका' असं लाल बटण होतं. तिचं बोट त्यावर गेलं.

"दाबायच्या आधी एक," लोलो म्हणाले. "मी चित्रांखालची बोलणीही वाचली. तीन वर्षांची. तू वाचली नाहीस."

त्यांनी तिला दाखवलं. आम्हीही खांद्यावरून बघितलं. वेंगच्या वेबसाइटवर पानाखाली चार जण बोलायचे, त्यात मी, पाएंग आणि चिंगाय. इथं शेकड्यांनी होते. या साइटची चित्रं हलकी, बारक्या इंटरनेटवरही उघडणारी, म्हणून कोण कोण यायचं! हाँगकाँगात घरकाम करणाऱ्या बायका, रविवारच्या सुट्टीत चार पानं एकदम वाचणाऱ्या. रियाधमधल्या नर्स. आणि सगळ्यात जास्त जहाजांवरचे लोक. टोटोय नावाचा एक आचारी दर गुरुवारी लिहायचा. भर समुद्रात एक चित्र उघडायला दहा मिनिटं लागतात, तोवर भात होतो, मग मेसमध्ये सगळे मिळून बघतो. लेखक क्रमांक २२१७, तुम्ही कधी उत्तर देत नाही, पण बरे असाल अशी आशा.

वेंग बोटानं वर-खाली सरकवत राहिली. "तीन वर्षं. मी एकालाही..."

"खाली ये," लोलो म्हणाले. "शेवटच्या आठ चित्रांखाली. मी चित्रं झाकून फक्त बोलणी वाचली."

तिथं गोंधळ उडालेला होता. हे काय, पानं अशी का, कोणाला काही कळेना. मग शुक्रवारी टोटोयनं लिहिलं होतं. मंडळी, मी आणि आमच्या दुसऱ्या इंजिनियरनं बसून क्रम लावलाय. पहिलं चित्र जागच्या जागी ठेवा. पुढच्या सगळ्यांची आधी एकेक बाजू वाचत खाली जा, मग दुसरी बाजू वाचत वर या. पंधरा बरोबर जुळतात, करून पाहिलं. शेवटी टिकबालांग नवे बूट घालून पुलावरून निघून जातो. दारातले झिजलेले बूट पहिल्याच चित्रात आहेत, म्हणजे ते आधीचे, दुसऱ्या कोणाचे तरी. आम्ही इथं जेवताना कोणी फारसं बोललं नाही. पण गोष्ट चांगली होती. धन्यवाद.

वेंग ताडकन उठली. "नाही! नाही नाही! ते सोळावं आहे! ते शेवटचं आहे! पुलावरून जातो ते पंधरावं. सोळाव्यावर दारात ते प्रचंड झिजलेले बूट, आणि आतून म्हातारा म्हणतो, आलास का? तळवे बदलायला झालेत. अरे, तो परत येतो! लोलो, त्यांना वाटतंय तो गेला! तो परत येतो!"

"आता तू मला शेवट सांगून टाकलास," लोलो म्हणाले. पण ते रागावलेले नव्हते.

पावणेबारा झाले होते. वेंगनं वाल्देरामाबाईंना फोन लावला. मी तिच्या दंडाला धरलं, मला राहवेना. तिनं माझा हात हळूच बाजूला केला.

"मॅडम, टाकणारी सापडली. मीच. चुकून. हो, उतरवू शकते. पण उतरवणार नाही... नाही, विचार करून बोलतेय. ही गोष्ट तिथं वाचणाऱ्यांची आहे. नवी गोष्ट तुम्हाला देते, पहिल्या पानापासून फक्त तुमची, कुठेही न दिसलेली... हो, आहे एक डोक्यात. रात्रपाळीला फोन उचलणारी भुतं." बराच वेळ ती ऐकत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" आम्ही चौघं एकदम.

"टिकबालांगचा करार गेला. भुतांची दहा पानं पाठवा म्हणाल्या, मग बघू. आणि हसल्या. म्हणाल्या, आमच्या ऑफिसातही आहेत तसली भुतं."

म्हणजे सोमवारी तिला पुन्हा त्या फोनवर बसायचंच होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वेंगला ते वाटून घ्यायला सवड नव्हती. तिनं आठही चित्रं मधोमध कापली, सोळा पानं केली, आणि चिंगाय आकडे मोजत गेली तशी एकेक नीट लावली. चिंगायनं दोनदा तपासलं. सोळावं पान सोळाव्या जागी बसलं. मग वेंगनं तीन वर्षांत पहिल्यांदा तिथं खाली लिहिलं. टोटोय, मी २२१७, माझं नाव वेंग. क्रम माझ्याकडून चुकला होता. आता पुन्हा बघा, भात टाकून बसा.

लोलोंनी पाटी मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून सोळाव्यापर्यंत वाचलं. शेवटी भिंग बाजूला ठेवून डोळे पुसले. "शेवट माहीत होता तरी चाललं," ते म्हणाले. मी त्यांच्यापुढे अख्खा पाव ठेवला, लोणी लावून.

तासाभरानं, आम्ही पुस्तिकांना टाके मारत असताना, टोटोयचं उत्तर आलं. चिंगायनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"वेंग, आला! परत आला! इथं मेसमध्ये एवढा आरडाओरडा झाला की काय झालं बघायला कॅप्टन खाली आला. जास्त लिहीत नाही, जहाजावरच्या फोनसाठी रांगेत उभा आहे. काल बायकोला सांगितलं होतं की तो गेला. तिला आता पुन्हा सांगायचंय."